परतीची वेळ आधी ठरवणारे आयोजक : पाटणादेवी आणि पितळखोऱ्याच्या दोन दिवसांचा अनुभव

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला निघण्याच्या पाच दिवस आधी सहलीच्या आयोजकांकडून दोन पानांचा आराखडा आला. त्यात एकच वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते : 'दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत पठार गाठता आले नाही, तर जिथे असू तिथून सर्वांनी परत फिरायचे.' गेल्या काही वर्षांत मी चार निरनिराळ्या गटांबरोबर डोंगरात गेले आहे, पण निघण्यापूर्वीच परतण्याची वेळ लिहून देणारे आयोजक मला प्रथमच भेटले. सातपुडा किंवा सातमाळ्यात पहिल्यांदा जाऊ इच्छिणाऱ्यांना, विशेषतः एकट्याने जाण्याचा विचार करणाऱ्या स्त्रियांना, हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे. जळगावातील तीन तरुण ही सेवा चालवतात. पुढे काही त्रुटीही लिहायच्या असल्याने त्यांचे नाव देत नाही.

आदल्या पावसाळ्यात मी दुसऱ्याच एका गटाबरोबर धबधबा पाहायला गेले होते. आम्ही साठ माणसे होतो, बस अडीच तास उशिरा निघाली आणि उतरताना अंधार पडला, तेव्हा त्या साठ जणांत मिळून नऊ विजेऱ्या निघाल्या. कोणालाही इजा झाली नाही, परंतु खाली आल्यावर माणसे मोजलीसुद्धा गेली नाहीत, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. म्हणून यंदा मी एकटीनेच जायचे ठरवले आणि केवळ वाटेची माहिती मिळावी यासाठी या तरुणांना फोन केला. त्यांनी मला परावृत्त केले नाही, हे मला आवडले. "ताई, एकटं जायला आमची हरकत नाही, पण एकटं म्हणजे वाटाड्याशिवाय नाही," एवढी एकच अट त्यांनी घातली आणि तिचे कारणही सांगितले. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे जंगल जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, तेथे बिबट्यांचा वावर आहे, आणि पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढल्यावर गुराख्यांच्या पायवाटा नवख्याला दिसतच नाहीत.

त्यांनी माझ्यापुढे तीन पर्याय ठेवले. वाटाड्या आणि जीप माझ्या एकटीसाठी ठरवली तर ४,६०० रुपये, बारा जणांच्या तयार गटात सामील झाले तर २,३०० रुपये, आणि मी स्वतः पाच-सहा जण जमवले तर दोन्हींच्या मधला दर. एकटीने जाण्याचा खर्च दुप्पट का होतो, हे त्यांनी वाटाड्याचे मानधन, जीपचे भाडे, प्रवेशशुल्क आणि जेवण असे वेगवेगळे आकडे लिहून दाखवले. अखेरीस मी माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीला घेऊन त्यांच्या गटात गेले. एकूण आम्ही अकरा जण होतो आणि बारापेक्षा जास्त माणसे घ्यायची नाहीत हा नियम त्यांनी पाळला, कारण शेवटच्या आठवड्यात आलेल्या आणखी चौघांना त्यांनी पुढच्या तारखेला बोलावल्याचे मला नंतर समजले.

पैसे भरण्याआधी फोनवर झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्यांनी मला जे विचारले, तिथेच या सेवेचे खरे मोल आहे. वय आणि वजन तर सगळेच विचारतात. यांनी विचारले की गेल्या तीन महिन्यांत तुम्ही सलग किती तास चाललात, जिना उतरताना गुडघा दुखतो का, रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळेला घेता, उंचावरून खाली पाहिल्यावर चक्कर येते का, आणि चष्मा असेल तर दुसरा चष्मा आहे का. गुडघ्याबद्दलचे माझे उत्तर ऐकून त्यांनी मला नकार दिला नाही. त्यांनी दोन रविवारी सकाळी जळगावातल्या मेहरूण तलावाकाठी यायला सांगितले आणि पाठीवर पाच किलोची सॅक देऊन दोन-दोन तास चालवले. गटातील एक सदस्य, जे स्वतःला आमच्यातील सर्वांत तयारीचे समजत होते, त्यांचे नवे कोरे बूट दुसऱ्याच रविवारी टाचेला लागले, आणि ही गोष्ट कण्हेरगडाच्या चढावर कळण्याऐवजी मेहरूणच्या सपाट रस्त्यावर कळली. सरावाला न येणाऱ्याला गटात घेत नाहीत हे ऐकून काहींना राग येतो. मला मात्र ती अट अत्यंत रास्त वाटली.

आता त्या आराखड्याविषयी. पहिल्या पानावर तासागणिक वेळापत्रक होते, पण त्यात केवळ ठिकाणांची नावे नव्हती. प्रत्येक टप्प्यापुढे पिण्याचे पाणी कुठे मिळेल, मोबाइलला संपर्क कुठे मिळतो आणि तिथून डांबरी रस्त्यावर परतायला किती वेळ लागेल, असे तीन रकाने होते. दुसऱ्या पानावर संपर्काची माहिती होती : रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२, वनविभागाच्या मदतीसाठी १९२६, आणि त्याखाली चाळीसगावातील कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध आहे, याची दोन दिवसांपूर्वी फोनवरून केलेली खात्री, तारखेसह. घोणस आणि फुरसे हे दोन्ही साप आपल्याकडच्या माळरानात आणि दगडगोट्यांत आढळतात, त्यामुळे ही ओळ वाचून भाची घाबरली असली तरी माझी भीती कमी झाली. सामानाच्या यादीत जलसंजीवनीची पाकिटे, शिट्टी, विजेरी, मोज्यांचे दोन जास्तीचे जोड आणि पूर्ण बाह्यांचा सदरा होता. सुगंधी तेल किंवा अत्तर लावू नये, अशीही सूचना होती, कारण कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि उग्र वासाने माश्या उठू शकतात.

याच पानाच्या तळाशी ३१ ऑगस्ट २०२१ या तारखेचा उल्लेख होता. त्या दिवशी झालेल्या अतिवृष्टीने चाळीसगावात पूर आला होता आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, हे खान्देशात कोणाला आठवत नाही? आयोजकांनी त्या आठवणीचा उपयोग घाबरवण्यासाठी केला नव्हता. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही ओढ्याला पूर आणतो, म्हणून आकाशाकडे पाहून निर्णय घ्यायचा नाही, ओढ्याच्या पाण्याचा रंग आणि आवाज पाहून घ्यायचा, असे त्यांनी त्याखाली लिहिले होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवारी सकाळी आम्ही रेल्वेने चाळीसगावला उतरलो आणि तेथून जीपने अठरा किलोमीटरवरील पाटणादेवीला पोहोचलो. प्रवेशद्वारापाशी नोंद झाली, पिशव्यांतील प्लास्टिक मोजून लिहून घेतले गेले. देवीचे दर्शन झाल्यावर आयोजकांपैकी एकाने गणिती भास्कराचार्यांविषयी दहा मिनिटे सांगितले. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याचे सांगणारा शिलालेख याच परिसरात सापडला आणि तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. माहिती नेमकी होती, तिच्यात दंतकथांची भर घातलेली नव्हती. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे एवढ्या झाडीत उभे राहून हे ऐकताना मला जे वाटले ते या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचे आहे. दुपारी शृंगार चावडी, सीतेची न्हाणी आणि नागार्जुन कोठडी या लेण्या पाहून कण्हेरगड चढलो. पुढे एक आणि मागे एक आयोजक असा नियम होता, आणि मागचा आयोजक खरोखरच शेवटच्या माणसाच्या मागे राहिला. दर अर्ध्या तासाने मोजणी झाली. अभयारण्यात मुक्कामाची परवानगी नसल्याने तंबू नव्हते, पायथ्याच्या गावात एका घरी राहण्याची सोय होती. तेथील शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा उत्तम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या दिशेने चढायला लागलो. आमचा वाटाड्या जवळच्याच गावातील साठीचा शेतकरी होता, सगळे त्यांना आबा म्हणत. साडेनऊच्या सुमारास वाटेतील एका ओढ्यापाशी पोहोचलो, तेव्हा पाणी घोट्याच्या थोडे वर होते आणि ऊन पडले होते. आमच्यापैकी पाच जण पलीकडे जायला पुढे सरसावले सुद्धा. आबांनी काठी आडवी धरली, पाण्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "पानी वाढी राह्यनं, आते मांगे फिरानं." मला तर पाण्यात काहीच फरक दिसत नव्हता. गटातील दोघांनी नाराजी बोलून दाखवली, बारा वाजायला अजून अडीच तास आहेत याची आठवण करून दिली, पैसे भरल्याचेही सांगितले. आयोजकांनी वाद घातला नाही, मतदान घेतले नाही, आबांचा शब्द अंतिम राहील हे आराखड्यात लिहिलेले आहे एवढेच शांतपणे सांगितले आणि सर्वांना वळवले. वीस मिनिटांनी वरच्या वळणावरून आम्ही तोच ओढा पाहिला, तेव्हा पाणी गढूळ झाले होते आणि मघाशी ज्या दगडावर पाय ठेवायचा होता तो दिसत नव्हता. नाराज झालेल्या दोघांपैकी एकाने तिथेच आबांचे हात हातात घेतले.

यानंतर जे घडले त्यामुळे मी या सेवेला इतके गुण देते. परत फिरणे म्हणजे सहल वाया जाणे, असे होऊ नये याची तजवीज त्यांनी आधीच केलेली होती. आराखड्यात 'दुसरा मार्ग' या मथळ्याखाली जीप पाटणादेवीलाच थांबवून ठेवण्याची नोंद होती. घाटरस्ता सुरू असल्याची फोनवर खात्री करून त्यांनी आम्हाला कन्नड घाटाने वर नेले आणि दुपारी एकच्या सुमारास आम्ही पायऱ्या उतरून पितळखोऱ्याच्या लेण्यांत पोहोचलो. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली ही लेणी, पायथ्याशी कोरलेली हत्तींची रांग, चैत्यगृहातील खांबांवर तग धरून राहिलेली चित्रे आणि समोर कोसळणारे पाणी, हे सारे पाहायला पुरेसा दीड तास मिळाला. एका खांबावर प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, गंधिकाने तो दान दिल्याचा लेख आहे. गंधिक म्हणजे अत्तराचा व्यापारी. ज्या ठिकाणी आम्हाला अत्तर लावून येण्याची मनाई होती, तेथला खांबच एका अत्तरव्यापाऱ्याने दिलेला आहे, हे भाचीने लक्षात आणून दिले, आणि पैठणहून निघालेले व्यापारी याच डोंगररांगेतून खाली उतरत असतील या कल्पनेने आम्ही बराच वेळ तिथेच थांबलो. सकाळची वाट चालून आलो असतो तर हे अधिक आवडले असते, हे खरे आहे.

आता त्रुटी. विम्याबद्दल मी फोनवर दोनदा विचारले, दोन्ही वेळा 'काढलेला असतो' असे उत्तर मिळाले, मात्र कागद सहल संपेपर्यंत हाती आला नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. या तरुणांनी नोंदणीचा अर्ज दाखवला, क्रमांक दाखवला नाही. इतक्या बारकाईने आराखडा लिहिणाऱ्यांकडून ही ढिलाई मला खटकली आणि ती किरकोळ आहे असे मी मानत नाही. दुसरी बाब स्त्रियांच्या सोयीची आहे. मुक्कामाच्या घरी अकरा जणांत एकच स्वच्छतागृह होते आणि वाटेवर कुठे थांबता येईल याची माहिती पाण्याच्या रकान्याशेजारी सहज देता आली असती, ती दिलेली नव्हती. तिन्ही आयोजक पुरुष आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना सुचलाच नसावा. भाड्याने दिलेल्या सॅकपैकी माझ्या सॅकची साखळी अर्ध्यातच अडकत होती. ती त्यांनी जागेवर बदलून दिली. रद्द करण्याचे नियमही कडक आहेत, निघण्याआधीच्या तीन दिवसांत रद्द केल्यास निम्मेच पैसे परत मिळतात, पण ते आधी स्पष्ट सांगितलेले असते.

या सर्व गोष्टी मी त्यांना लिहून कळवल्या. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. डिसेंबरमध्ये त्यांची तोरणमाळची सहल आहे, यशवंत तलाव, सीताखाई आणि नाथांच्या स्थानांपर्यंत चालत जाण्याची. भाचीने दिवाळीतील अस्तंब्याच्या यात्रेविषयीही विचारले होते. त्यावर त्यांनी सांगितले की ती अश्वत्थाम्याच्या श्रद्धेने अनवाणी चालणाऱ्यांची वाट आहे, तिची सहल आम्ही विकत नाही, जायचे असेल तर तळोद्याहून निघणाऱ्या भाविकांबरोबर जा, तयारीची यादी आम्ही विनामूल्य देऊ. तोरणमाळसाठी मी नाव दिले आहे. विमापत्राची प्रत आधी हाती आली, त्यावर आम्हा दोघींची नावे तपासून पाहिली आणि मगच आगाऊ रक्कम भरली. नव्या आराखड्यात आता चौथा रकाना आहे आणि त्यात स्त्रियांसाठी थांबण्याच्या जागा लिहिलेल्या आहेत. नोंदणी क्रमांकाची जागा अजून रिकामी आहे, आणि तो मिळेपर्यंत मी प्रत्येक वेळी विचारत राहणार आहे.