शनिवारची ग्रेहाउंड-ड्यूटी : पाचपैकी चार तारे

मी मूळची जत तालुक्यातली, लग्नानंतर इंग्लंडात एसेक्सला आले. आठवडाभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते आणि गेलं सव्वा वर्ष शनिवारी सकाळी एका ग्रेहाउंड केंद्रात जाते. शर्यतीतून काढलेली कुत्री घर मिळेपर्यंत तिथं राहतात. गणपतीत, दिवाळीत भेटणारं कुणी ना कुणी विचारतंच, "तिथं जाऊन करतेस काय? आम्हाला जमेल का?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. केंद्राचं नाव देत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत.

पगार नाही, पेट्रोल स्वतःचं. आठला पोचायचं आणि पहिला तास हातात फावडं. रात्रीत ओली झालेली कागदाची कतरण काढायची, फरशी जंतुनाशकानं धुवायची, कोरडी कतरण पसरायची. नुसतं कुरवाळायला आलेली कॉलेजची पोरं दुसऱ्या शनिवारी दिसत नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, माहेरी गोठा होता.

मग फिरवणं. इथं मात्र केंद्राला पैकीच्या पैकी. शिकवायला सत्तरीच्या एक बाई आहेत, आवाज असा की कुत्रीच काय, आम्हीही उभे राहतो. पहिले तीन शनिवार त्यांनी मला एकटीला दोरी धरू दिली नाही. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा डोक्यावरून सहज निघतो. म्हणून चार बोटं रुंद पट्टा, तोही वर, कानांच्या मागं. दोरीचा फास मनगटात घालायचा, बोटांना गुंडाळायची नाही. एरवी ही कुत्री नवऱ्यामुलासारखी शांत चालतात, पण खार दिसली की दोन-तीन ढांगांत वेग धरतात आणि बोट दोरीसोबत जातं. कातडी इतकी पातळ की काटेरी झुडपाला घासली तरी टाके पडतात. अंगात चरबी जवळपास नाहीच, त्यामुळं थंडीत कोट लागतो. बार्बिच्युरेटची भूल दिली तर ती यांच्यात फार वेळ उतरत नाही, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. हे शेवटचं मला औषधाच्या धंद्यातली असून माहीत नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर आईला पहिल्यांदा एक कुत्रा दाखवला, तर तिनं विचारलं, "अगं, हा तर दादांच्या कारवानीसारखाच की! बरगड्या मोजून घ्याव्यात. भाकरी-ताक घालत नाहीत का त्याला?" दादा म्हणजे माझे आजोबा. कारवानी म्हणजे आपल्याकडचा सडपातळ शिकारी कुत्रा. आमच्याकडं तो बांधावर पळायचा आणि रात्री उंबऱ्याशी झोपायचा. इथल्या कुत्र्यांनी उंबरा बघितलेलाच नसतो.

बहुतेक आयर्लंडमध्ये जन्मतात आणि साधारण दीड वर्षाची झाली की पळायला लागतात. एकदा नवऱ्याच्या ऑफिसातल्यांबरोबर आम्ही रोमफर्डला शर्यत बघायला गेलो होतो. सहा कुत्री, सहा रंगांचे जॅकेट, एक नंबरला लाल, सहाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. चारशे मीटर पंचविसेक सेकंदांत संपले, माझ्या चिप्सचं पाकीट उघडायच्या आत. या देशात हे सगळं १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानापासून चाललंय. पळणं तीन-चार वर्षांच्या वयात संपतं, जगणं बारा-चौदापर्यंत असतं. मधल्या वर्षांचा प्रश्न आमच्या केंद्राकडं येतो.

तर जमेल का, याचं माझं उत्तर असं, की कुत्रं सांभाळायला कुणालाही जमेल. अवघड आहे ते घ्यायला आलेल्या माणसांशी खरं बोलणं.

तीन महिन्यांनी मला घरभेटीला पाठवायला लागले. कुंपण किती उंच, फाटकाला कडी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, हे बघून यायचं. इल्फर्डमधलं एक मराठी घर माझ्याच वाट्याला आलं. मुलगा-सून उत्साही, सोफ्यावर आजी. आजींनी एकच प्रश्न विचारला, "हा देवघरात जाईल का हो?" देवघर किचनच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या कपाटावर. मी म्हटलं, "आजी, जाईल. नाक ओट्यापर्यंत पोचतं. नैवेद्य दाखवून तुम्ही वळलात की ताट रिकामं." सून माझ्याकडं अशी बघायला लागली की हिला पाठवलंय कुणी. मी बाकीचंही सांगितलं. जिना त्यानं कधी चढलेला नसेल, पहिल्या दिवशी पायथ्याशी उभा राहील आणि कुणालातरी त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवावा लागेल. मागच्या काचेच्या दाराला चिकटपट्टी लावा, नाहीतर सरळ येऊन आपटेल. काही जण उघड्या डोळ्यांनी झोपतात, तेव्हा झोपलेल्याला हात लावून उठवू नका, दचकून दात लागू शकतो. लांबून हाक मारा. नातवंड लहान असेल तर हे फारच महत्त्वाचं.

केंद्रातल्या समन्वयकांना माझी ही पद्धत पटत नाही. "लोक घाबरतात," असं त्यांनी मला दोनदा सुनावलं. इल्फर्डच्या घरानं तीन आठवडे कळवलं नाही, तेव्हा माझ्याकडंच बोट होतं. मग ते आले आणि वाघासारख्या पट्ट्यांची एक शांत मादी घेऊन गेले. आजींनी देवघराला लाकडी दार करून घेतलं.

याच्या उलट झालेलं सांगते. 'मांजराबरोबर चालेल' अशी चिठ्ठी लावून एक कुत्रा गेला. चाचणी एकदाच, घाईत झाली होती, तीही झोपाळू म्हाताऱ्या मांजरासमोर. चौथ्या दिवशी तो परत. मांजर वाचलं, पण त्या घरातली मुलगी कुत्र्याला सोडताना जी रडत होती ते ऐकवत नव्हतं. जबाबदारी कुणी घेतली नाही. त्यानंतर मी चाचणीला स्वतः उभी राहते. कटलेला एक तारा यासाठी आहे. शिवाय ड्यूटीचा तक्ता, जो शुक्रवारी रात्री दहाला बदलतो आणि सकाळी गेलं की तिघींचं नाव एकाच कुत्र्यापुढं.

पैशांचं थोडं सांगावं लागेल. इथल्या शर्यतींच्या मंडळानं २०२० साली निवृत्ती योजना काढली. कुत्र्याची नोंदणी करतानाच ठेव घ्यायची, सुरुवातीला ती चारशे पौंड होती, आणि कुत्रा मान्यताप्राप्त केंद्रात आला की ती केंद्राला मिळते. दात साफ करणं, नसबंदी, लस, एखादा जुना मोडलेला पाय, यांत ती कधीच संपते. पुढचा खर्च लोकांच्या देणग्यांवर. म्हणजे ज्यांनी पळवलं त्यांचं उरलेलं आम्ही फुकट आवरतो, हे मला टोचतं. फिरवणं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्यानं योजना वाचलेली नाही." त्या बादली उचलून निघून गेल्या, मी अजून त्यावर अडकलेय. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्स सरकारनं शर्यतींवर बंदी आणणार असं जाहीर केलं, तेव्हा केंद्रात कुणी केक आणला आणि कुणी त्याला हात लावला नाही. त्या केकचे दोन तुकडे मी खाल्ले.

बिलीबद्दल विचारणारे विचारतात म्हणून लिहिते. काळा, पाच वर्षांचा, मी आले तेव्हापासून तिथंच. शर्यतीच्या कागदावर त्याचं लांबलचक नाव आहे, ते कुणी घेत नाही. आमच्या केंद्रात तरी काळी कुत्री मागं राहतात, लोक आधी राखाडी आणि पट्टेवाल्यांपाशी थांबतात. बिली खूश झाला की दात वाजवतो, थंडीत आपले वाजतात तसे, आणि नवख्याला वाटतं चावतोय. त्याला बघायला आलेल्या दोन जोडप्यांनी तिथूनच काढता पाय घेतला. आता मी दारातच सांगून टाकते, दात वाजले तर पसंत पडलात असं समजा. आमच्या फ्लॅटला कुंपण नाही, नाहीतर हा परिच्छेद लिहायची वेळ आली नसती.

यायचं असेल तर गमबूट स्वतःचे आणा. केंद्रात आहेत ते सगळे नऊ नंबरच्या पुढचे, आणि डाव्या पायाचा एक बिलीनं खाल्लाय.