सखी वन स्टॉप सेंटर: माणसं चांगली, पण पोलिसांची खुर्ची रिकामी

आमच्या जिल्ह्यातल्या सखी सेंटरबद्दल कुठे धड काही वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितेय. शेजारच्या वहिनींना घेऊन गेले होते, नवऱ्याची मारहाण. जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाहीये, समजून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही केंद्र सरकारची योजना आहे, 1 एप्रिल 2015 पासूनची, पैसा निर्भया फंडातला. मार खाल्लेल्या बाईला दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन, निवारा यासाठी दारोदार फिरायला लागू नये, सगळं एका छताखाली मिळावं असं त्यात ठरलंय. चोवीस तास चालू, फी नाही, 181 वर फोन केला तरी जोडून देतात.

पण खरं सांगू का, छताखाली फक्त केस वर्कर, समुपदेशक, सिक्युरिटीवाला आणि पलंग टाकलेली एक खोली. डॉक्टर सिव्हिलला, संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचार कायद्याखाली बाईला मदत करणारे सरकारी अधिकारी) वेगळ्या ऑफिसात आणि त्यांच्याकडे अजून दोन टेबलांचा चार्ज, वकील विधी सेवा प्राधिकरणाचा. 'पोलीस सहाय्य' अशी पाटी असलेली खुर्ची आहे, तिच्यावर घडी केलेल्या चादरींचा ढीग होता.

म्हणजे सगळा खेळ केस वर्करवर. आणि आम्हाला भेटलेली पोरगी खरंच हुशार निघाली. आधी पोलीस स्टेशनला गेलो होतो तर ते म्हणाले घरचं भांडण आहे, आधी मेडिकल करून आणा मग बघू, दवाखान्यात गेलो तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणतो पोलिसांचं पत्र आणा मगच एमएलसी (म्हणजे मारहाणीच्या केसची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) करतो, असा अर्धा दिवस गेला आणि वहिनींचा हात तोवर सुजून टम्म. ह्या पोरीने सगळं ऐकलं, फोन खांद्यात धरून एकीकडे फॉर्म लिहीत होती, आणि डॉक्टरशी वाद न घालता थेट दवाखान्यातल्या मेडिकल सोशल वर्करला फोन लावला. "ताई, उपचाराला आणि एमएलसीला पोलिसांचं पत्र लागत नाही, तुम्ही जरा खाली उतरता का?" बस्स. थोड्या वेळात एक्स-रे झाला, जखमांची नोंद झाली, आणि तोच कागद पुढे पोलिसांसमोर ठेवला तेव्हा त्यांचाही सूर बदलला.

अजून एक आवडलं, तिने घरगुती घटना अहवालासाठीची (घरातल्या हिंसाचाराची कायद्याने ठरलेली नोंद) माहिती तिथेच बसून व्यवस्थित भरून घेतली, त्यामुळे संरक्षण अधिकाऱ्यांपुढे आणि वकिलापुढे वहिनींना सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागलं नाही. वकील फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत, बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.

आता तक्रार. हे सगळं त्या पोरीच्या मोबाईलमधल्या नंबरांवर चाललंय. रात्रपाळीला दुसरी आली तिला काहीच ठाऊक नव्हतं, फाईल कपाटात, किल्ली दिवसपाळीवालीकडे, मग परत तेच प्रश्न, कुठे मारलं, कशाने मारलं, मुलं कुठेयत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते म्हणे, सगळी खाती त्यात, मग निदान पोलीस स्टेशन आणि दवाखान्यातून एकेका माणसाचं नाव ठरवून द्यायला काय जातं? आणि ही मुलं-मुली कंत्राटी, उद्या ती नोकरी सोडून गेली की तिच्याबरोबर ओळखीही गेल्या.

मला तर मुंबईचं जुनं गणित जास्त पटतं. तिथे 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने पोलिसांच्याच आवारात सोशल वर्कर बसवून महिलांसाठी विशेष कक्ष काढला, आणि 2000 साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून 'दिलासा' हे मार खाल्लेल्या बायकांसाठीचं मदत केंद्र सुरू केलं. बाई आधी जिथे जाते तिथेच माणूस बसवला. आमच्याकडे सेंटर शहराबाहेर, रिक्षावाल्यालाही पत्ता माहीत नाही.

तरी जा, नक्की जा. पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन त्या पोरीचे. राहायची सोय साधारण पाच दिवसच असते, त्यामुळे पुढे कुठे जायचं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आधार, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद जमलं तर सोबत घ्या, नसतील तर अडवत नाहीत. आणि एमएलसीचा नंबर स्वतःकडे लिहून ठेवा, प्रत्येक टेबलावर तोच विचारतात.