ग्राहकाची गरज नोंदीत शोधायची की माणसांत?

ग्राहकाशी रोज बोलणारी माणसं एकीकडे आणि पुढचं उत्पादन ठरवणारी दुसरीकडे, असं बहुतेक कंपन्यांत असतं. एकाला कळलेलं दुसऱ्यापर्यंत न्यायचे मार्ग दोन. एक तर सगळं लिहून साठवा: सीआरएम (ग्राहकांशी झालेला संपर्क नोंदवायचं सॉफ्टवेअर), तक्रारींच्या नोंदी. नाहीतर ज्याला माहीत आहे त्याच्याशी थेट गाठ घालून द्या.

माणूस नोकरी सोडून गेला तरी नोंद राहते. एकच तक्रार शंभर ठिकाणांहून येतेय, हेही नोंदींशिवाय कळत नाही. अडचण एकच, लोक मनापासून लिहीत नाहीत. झेरॉक्स कंपनीच्या ‘युरेका’ प्रणालीत यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आपापले उपाय लिहीत, सहकारी ते तपासत आणि उपायासोबत लिहिणाऱ्याचं नाव राही. नाव राहतं म्हटल्यावर लिहायला हुरूप येतो.

पण लिहिताना काय गळतं ते पाहा. ग्राहक म्हणतो, “महिनाअखेरीला तुमच्या रिपोर्टमधले आकडे मी हाताने एक्सेलमध्ये उतरवतो, अर्धा दिवस जातो.” नोंदीत उरतं: ‘रिपोर्टबद्दल चौकशी, माहिती दिली, बंद’. तो अर्धा दिवस कुठेच नाही, आणि गरज तर तिथेच होती.

इथे दुसरा मार्ग सरस ठरतो. मात्सुशिता या जपानी कंपनीच्या घरगुती पाव बनवायच्या यंत्रात पीठ नीट मळलं जात नव्हतं. १९८५ मध्ये इकुको तानाका ही सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. पीठ ओढताना तो त्याला पीळ देतो, हे तिने शेजारी उभं राहून टिपलं. तो ग्राहक नव्हता, पण ग्राहकाचंही असंच असतं: सवयीचं झालेलं तो सांगत नाही, करताना दिसतं. मात्र हा मार्ग संथ आहे आणि मोजक्या माणसांवर टेकलेला.

व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या हॅन्सन, नोहरिया आणि टिअर्नी यांनी १९९९ मध्ये याच दोन मार्गांची तुलना करून सुचवलं होतं की, निम्मं-निम्मं करू नका. एकावर साधारण ८० टक्के भर द्या, दुसरा आधाराला ठेवा. मला ते पटतं. हजारो ग्राहक आणि एकच ठरलेलं उत्पादन असेल तर नोंदींवर भर द्या. मोजके ग्राहक आणि प्रत्येकाचा प्रश्न निराळा असेल तर माणसांवर.

नोंदी निवडल्यात तर फॉर्ममध्ये ‘ग्राहकाचं वाक्य, त्याच्याच शब्दांत’ हा रकाना सक्तीचा करा आणि उत्पादन ठरवणाऱ्यांना दर महिन्याला काही कॉल स्वतः ऐकायला बसवा.