आयसीयूच्या टीमसाठी बॉम्बचा खेळ : बरेच महिने वापरल्यानंतर

'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' हा कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सचा २०१५ साली आलेला खेळ. रुग्णालयांसाठी तो बनवलेला नाही. तरीही सिस्टर आणि डॉक्टरांना एकमेकांशी नीट बोलायला शिकवण्यासाठी आजवर जे काही वापरलं, त्यात याच्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही. मी एका खाजगी रुग्णालयात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. गेले बरेच महिने आम्ही हा खेळ ट्रेनिंगमध्ये नेमाने घेतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

एकाच्या समोर स्क्रीनवर बॉम्ब असतो आणि घड्याळ उलटं धावत असतं. बाकीच्यांच्या हातात तो निकामी करायची छापील पुस्तिका असते, पण त्यांनी स्क्रीन बघायची नाही. म्हणजे ज्याला दिसतंय त्याला काय करायचं ते माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याला दिसत नाही. चूक झाली की घड्याळ आणखी जोरात पळतं, तिसऱ्या चुकीला स्फोट. रात्री दोन वाजता बेडपाशी उभी असलेली सिस्टर घरी झोपलेल्या कन्सल्टंटना फोनवर पेशंटची अवस्था सांगते, तेव्हा वेगळं काय चाललेलं असतं?

तारांचा भाग घ्या. तारा किती आहेत यावर पुढचे नियम ठरतात. मग रंग बघायचे, आणि कधी सिरीयल नंबरचा शेवटचा अंक सम की विषम तेही. नवीन मुली सुरुवातीला "लाल आहे, निळी आहे, अजून एक लाल" असं दिसेल ते सांगत सुटतात आणि पुस्तिका धरलेला नुसती पानं उलटत राहतो. थोडे डाव झाले की कोणी न सांगता "चार तारा, वरून खाली लाल, निळी, लाल, पांढरी" असं यायला लागतं. पेशंटची माहिती ठराविक क्रमाने सांगायची एसबार (SBAR) पद्धत हेच सांगते : आधी आत्ता काय झालंय, मग मागची हकिकत, मग आपल्याला काय वाटतं, मग काय हवंय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती रुग्णालयांत आली. आमच्या भिंतीवर तिचा तक्ता कधीपासून लावलेला आहे, सगळ्यांना पाठ आहे. पण फोन हातात आला की "सर, ते सात नंबरचं पेशंट आहे ना..." इथूनच सुरुवात व्हायची.

बटणाचा भाग मला सर्वांत आवडतो. बटण दाबून धरायचं आणि बाजूची पट्टी निळी लागली, तर घड्याळात कुठेही ४ दिसला की सोडायचं. इथे ऐकणाऱ्याने "निळी, चार दिसला की सोडते" असं परत म्हटलं नाही तर हमखास घोळ होतो. ऐकलेलं परत म्हणून दाखवायची सवय आता बेडपाशी दिसते. लॅबमधून पोटॅशियम ६.८ असल्याचा फोन आला की सिस्टर पेशंटचं नाव, बेड नंबर आणि "सिक्स पॉइंट एट" परत म्हणते, मगच फोन ठेवते. फिफ्टीन आणि फिफ्टीचा गोंधळ टाळायला "वन-फाइव्ह", "फाइव्ह-झीरो" असं सुटं सांगतात. सीपीआर चालू असताना "ॲड्रिनलिन एक मिलिग्रॅम दिलं" हे मोठ्याने आणि वेळेसकट ऐकू येतं. दर ३ ते ५ मिनिटांनी पुढचा डोस द्यायचा असतो, तेव्हा आधीचा गेला की नाही यावर वाद घालायला वेळ नसतो.

पण हा खेळ मी प्रत्येक आयसीयूला घ्यायला सांगते त्याचं कारण वेगळं आहे. आम्ही ठरवून सर्वांत ज्युनिअर सिस्टरला स्क्रीनसमोर बसवतो आणि कन्सल्टंटच्या हातात पुस्तिका देतो. सरांना काहीच दिसत नाही, तिच्या डोळ्यांवाचून त्यांचं पान हलत नाही. "सर, थांबा, तुम्ही चुकीचं पान वाचताय" हे वाक्य आमच्या आयसीयूत एरवी कोणाच्या तोंडून निघालं नसतं. टीमस्टेप्स या अमेरिकी प्रशिक्षणात यासाठी चढत्या पायऱ्या दिल्या आहेत : मला काळजी वाटतेय, मला हे पटत नाही, हे पेशंटसाठी सुरक्षित नाही. ती वाक्यं वर्गात घोकून होत नाहीत. एकदा सरांना थांबवून काही वाईट घडलं नाही, हे अनुभवावं लागतं. आमच्या कन्सल्टंटनी हे मनापासून घेतलं म्हणून जमलं. जिथे वरिष्ठ खेळायला बसणारच नाहीत, तिथे हा खर्च करू नका.

खेळाइतकंच महत्त्व नंतरच्या चर्चेला द्यावं लागतं. कुठे अडलं, कोणी काय गृहीत धरलं, वॉर्डात असं कधी होतं, एवढंच विचारायचं. सुरुवातीला आम्ही वेळा फळ्यावर लिहून स्पर्धा लावायचो, ते बंद केलं. त्यात बोलकी मंडळी ओरडायची आणि शांत मुली आणखी गप्प व्हायच्या.

आम्ही छापलेली पुस्तिका इंग्रजी आहे. केरळच्या मुलींना त्याची अडचण नाही, आमच्या काही मराठी ब्रदरना झाली. चिन्हांच्या भागात मात्र भाषा आड आली नाही, एकाला सगळ्यांनी मिळून 'त्रिशूळ' नाव दिलं आणि काम चाललं. सारख्या उच्चारांच्या इंग्रजी शब्दांचा जो भाग आहे तो आम्ही सोडून देतो. मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, या खेळात मागे राहतात, याचं मला वाईट वाटतं. पेशंटला कूस देताना नळी निसटतेय हे बऱ्याचदा त्यांनाच आधी दिसतं.

नातेवाईकांशी कसं बोलावं, हे मात्र यातून अजिबात येत नाही. बॉम्बला रडू येत नाही. त्यासाठी आम्ही घरच्या घरी चिठ्ठ्या केल्या. एक जण डॉक्टर किंवा सिस्टर होतो, एक नातेवाईक, तिसरा नुसता बघतो. चिठ्ठीत प्रसंग असतो आणि वापरायला बंदी असलेले शब्द : व्हेंट (व्हेंटिलेटर), सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर झालेला बिघाड), क्रिटिकल, स्टेबल. 'स्टेबल' ऐकलं की घरच्यांना वाटतं धोका टळला, आणि आपण फक्त एवढंच सांगत असतो की सकाळपासून आणखी बिघडलेलं नाही. वाईट बातमी सांगून झाली की समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं, हाही नियम आहे. सगळ्यांना तोच सर्वांत जड जातो.

आमच्याकडच्या चुका किती कमी झाल्या हे आम्ही मोजलेलं नाही, त्यामुळे तसा दावा करणार नाही. पण ओव्हर देण्याची, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला सांगण्याची, पद्धत सुधारल्याने फरक पडतो, हे सिद्ध झालेलं आहे. ओव्हर देण्याच्या आय-पास या पद्धतीवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या होत्या. तिथे खेळ नव्हता, पण सराव आणि निरीक्षण भरपूर होतं.

घेणार असाल तर एक कॉपी आणि एक लॅपटॉप पुरतो. पुस्तिका मोफत उतरवून घेता येते, ती छापून स्पायरल करा. सत्र ड्यूटीच्या वेळेतच ठेवा. नाइट करून आलेल्या मुलीला थांबवू नका. आणि खोली आयसीयूपासून लांबची घ्या. खेळताना हसण्याचा आवाज होतो, आणि बाहेर बाकावर कोणाचे तरी आईवडील बसलेले असतात.