‘आहे’ आणि ‘असतो’ यांमधले अंतर : हाय व्हॅलिरियनच्या मोबाइल अभ्यासक्रमाचे परीक्षण

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेसाठी डेव्हिड जे. पीटरसन यांनी घडवलेली हाय व्हॅलिरियन ही भाषा २०१३ साली आलेल्या तिसऱ्या पर्वापासून पडद्यावर ठळकपणे ऐकू येऊ लागली. मूळ कादंबऱ्या लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी या भाषेतली काही नावे, थोडे सुटे शब्द आणि दोन छोटी वाक्ये (त्यांतले एक ‘वालार मोर्घूलिस’, इंग्रजीत ‘ऑल मेन मस्ट डाय’) एवढाच ऐवज दिला होता. त्या दोन वाक्यांना धक्का न लावता त्यांच्या पोटातूनच पीटरसन यांनी पूर्ण व्याकरण उभे केले. एका लोकप्रिय भाषाशिक्षण ॲपवर या भाषेचा इंग्रजी माध्यमातला मोफत अभ्यासक्रम आहे. तो मी रोज थोडा वेळ देऊन अखेरपर्यंत पूर्ण केला. भाषा अप्रतिम आहे आणि अभ्यासक्रम चांगला आहे, परंतु मराठी माणसाला ही भाषा जितकी जवळची वाटायला हवी तितकी ती इंग्रजीतून शिकताना वाटत नाही, हे माझे मुख्य निरीक्षण आहे.

सुरुवात उच्चारांपासून करतो. या भाषेत सहा स्वर आहेत आणि प्रत्येकाची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर आग्रह धरणाऱ्या आपल्याला हे सोपे वाटेल, पण अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. आपला ‘अ’ म्हणजे ‘आ’चे आखूड रूप नव्हे, त्याचा गुणच निराळा आहे. व्हॅलिरियनमधला ऱ्हस्व स्वर मात्र उच्चाराने ‘आ’च असतो, फक्त त्याची लांबी कमी असते. ‘ए’ आणि ‘ओ’ यांचीही तीच गोष्ट आहे, कारण त्यांची ऱ्हस्व रूपे दाखवायला देवनागरीत आपण वेगळे चिन्ह वापरत नाही. त्यामुळे या लेखात मी दिलेली सर्व लिप्यंतरे अंदाजे समजावीत. सहावा स्वर आपल्याकडे नाहीच. जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की तो निघतो, आठवडाभर मोठ्याने सराव केल्यावर तो मला जमू लागला.

व्यंजनांमध्ये मराठी भाषकाला एक छान आधार मिळतो. या भाषेत साध्या ‘र’बरोबर घोष (म्हणजे स्वरतंतूंचे कंपन) नसलेला, श्वासाने थरथरणारा दुसरा ‘र’ आहे. ‘कुऱ्हाड’ किंवा ‘ऱ्हास’ म्हणणाऱ्याची जीभ त्याच्या बरीच जवळ पोहोचलेली असते. फक्त आवाजातला घोष काढून टाकावा लागतो. ‘ञ’ हा आपल्या वर्णमालेत असूनही एरवी एकटा भेटत नाही, इथे मात्र तो शब्दाच्या आरंभी स्वतंत्रपणे येतो. ‘मोर्घूलिस’मधला ‘घ’ हा आपला महाप्राण घ नसून घशातून घासत येणारा ध्वनी आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे. अभ्यासक्रमातले ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे आणि वाक्य पुन्हा पुन्हा ऐकता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मात्र लिहिताना दीर्घ स्वराचे चिन्ह गाळले तरी उत्तर बरोबर धरले जाते, हे मला मान्य नाही. ज्या भाषेत स्वराच्या लांबीने विभक्ती बदलते, त्या भाषेत ही सवलत विद्यार्थ्याचे नुकसानच करते.

आता वचनांकडे वळतो, कारण या भाषेचे खरे वैभव मला तिथे दिसले. ‘वाला’ म्हणजे माणूस आणि ‘वाली’ म्हणजे माणसे. येथवर काही नवे नाही. पण पुढे ‘वालुन’ म्हणजे थोडी माणसे आणि ‘वालार’ म्हणजे समस्त माणसे अशी आणखी दोन वचने आहेत. संस्कृतच्या द्विवचनाची आठवण अनेकांना होईल. तरी ‘वालुन’ हे दोघांपुरते नाही. आपण ‘चार माणसांत बोलायला हवे’ किंवा ‘चार दिवस राहून ये’ असे म्हणतो तेव्हा ‘चार’चा अर्थ नेमका आकडा नसून ‘थोडे, मोजके’ असा असतो. व्हॅलिरियनचे हे अल्पवचन म्हणजे नेमका तोच ‘चार’ आहे, फक्त तो प्रत्यय होऊन शब्दाला चिकटला आहे. ‘वालार’ या समूहवचनाचे क्रियापद एकवचनी असते, आणि ‘सारा गाव लोटला’ असे सहज म्हणणाऱ्यांना त्यात काहीच वावगे वाटू नये. मार्टिन यांच्या ‘वालार मोर्घूलिस’ या प्रसिद्ध वाक्यातला पहिला शब्द पीटरसन यांनी समूहवचन म्हणून वाचला आणि त्यातून वचनांची एक संपूर्ण व्यवस्था उभी केली. दुसऱ्याच्या दोन शब्दांना इतक्या आदराने वागवणारी निर्मिती क्वचितच पाहायला मिळते.

विभक्ती आठ आहेत. हा आकडा वाचून शाळेतला विभक्तीचा तक्ता डोळ्यांपुढे येतो, पण दोन्ही तक्ते एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत आणि मला त्यातच अधिक रस वाटला. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखे आहेत: ‘माणसाला पाहिले’ आणि ‘माणसाला दिले’. व्हॅलिरियन एकवचनात त्यांना वेगळे ठेवते. पाहिले तर ‘वाले’ आणि दिले तर ‘वालोत’. आपली तृतीया ‘ने’ आणि ‘शी’ यांना एकाच घरात ठेवते. इथे मात्र साधनाची विभक्ती ‘वालोसा’ आणि सोबतीची विभक्ती ‘वालोमा’ अशा दोन स्वतंत्र विभक्ती आहेत. पंचमीला या तक्त्यात जागाच नाही. ‘ऊन’, ‘हून’चे काम ‘हेन’ हा शब्द नामाच्या आधी ठेवून केले जाते. अनेकवचनात मात्र बरीच रूपे एकमेकांत मिसळतात, आणि तिथे संदर्भावरूनच अर्थ लावावा लागतो. अभ्यासक्रमात या सगळ्याची टिपणे फार त्रोटक आहेत. इंग्रजीतल्या एकाच ‘विथ’साठी कधी ‘सा’ तर कधी ‘मा’ का येतो, हे चुका करत करतच शिकावे लागते. ‘सुरीने’ आणि ‘मित्राशी’ एवढी दोन उदाहरणे मराठी विद्यार्थ्याला पुरली असती.

लिंगे चार आहेत आणि त्यांची नावे चंद्र, सूर्य, पृथ्वी व जल या अर्थाच्या शब्दांवरून पडली आहेत. शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुतेक वेळा ओळखता येते, त्यामुळे तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपल्याला चौथे जड जात नाही. विशेषण लिंगानुसार बदलते: निळ्या आणि हिरव्या या दोन्ही रंगांसाठी असलेला ‘कास्ता’ हा शब्द सूर्यलिंगी नामाबरोबर ‘कास्तिस’ होतो, पृथ्वीलिंगीबरोबर ‘कास्तोन’ आणि जललिंगीबरोबर ‘कास्तोर’.

क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार क्रियापदाच्याही नंतर येतो. मालिकेतले ‘झाल्द्रीझेस बुझ्दारी इक्सोस दाओर’ हे वाक्य घ्या (‘झाल्द्रीझेस’ म्हणजे ड्रॅगन, ‘बुझ्दारी’ म्हणजे गुलाम). त्यातला ‘दाओर’ म्हणजे आपला ‘नाही’, आणि तो ‘करत नाही’, ‘जात नाही’ यांमधल्या ‘नाही’सारखाच शेवटी उभा आहे. दुसरे वाक्य आहे ‘वालिरिओ मुञो एंगोस ञुहिस इस्सा’, म्हणजे ‘व्हॅलिरियन ही माझी मातृभाषा आहे’. शब्दशः पाहिले तर त्यात ‘आईची जीभ’ आहे, आणि ‘ञुहिस’ हा आपल्या ‘माझा, माझी, माझे’सारखा नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारा शब्द आहे, तो इथे ‘आई माझी’च्या चालीने नामानंतर आला आहे.

या दोन वाक्यांतली क्रियापदे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा मला या भाषेची किल्ली सापडली. एकात ‘इक्सोस’ आहे, दुसऱ्यात ‘इस्सा’. इंग्रजीत दोन्हींचे भाषांतर एकाच ‘इज’ने होते, म्हणून अभ्यासक्रमात ती दोन वेगळी रूपे निव्वळ पाठ करण्याची बाब होऊन बसते. मराठीत मात्र हा भेद आपण रोज पाळतो. ‘इस्सा’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘इक्सोस’ म्हणजे ‘असतो’. ड्रॅगनचे वाक्य ‘ड्रॅगन गुलाम नाही’ असे नसून ‘ड्रॅगन गुलाम नसतो’ असे आहे. ते एका ड्रॅगनबद्दलचे विधान नसून ड्रॅगनच्या जातीबद्दलचे त्रिकालाबाधित सत्य आहे. ‘वालार मोर्घूलिस’मध्येही क्रियापदाचे तेच रूप आहे. इंग्रजीला तिथे ‘मस्ट’ आणून सक्ती दाखवावी लागते, आपल्याला ‘माणसे मरतात’ एवढेच पुरते.

मालिका पाहून कुतूहल जागे झालेल्या कोणालाही मी हा अभ्यासक्रम निःसंकोचपणे सुचवेन. त्यातून भाषेचा ठेका कानात बसतो, नेहमीची वाक्ये तोंडी येतात आणि रोजची लहान तालीम सुटत नाही. व्याकरणाची आवड असलेल्यांनी मात्र हाताशी वही ठेवून विभक्तीचा तक्ता स्वतः मांडावा, कारण ॲप तो मांडून देत नाही. मी आता दुसरी फेरी सुरू केली आहे. या वेळी पडद्यावर इंग्रजी वाक्य आले की आधी ते मनात मराठीत म्हणतो, तिथे ‘आहे’ येते की ‘असतो’ ते पाहतो, आणि मगच उत्तर लिहितो; पहिल्या फेरीत ज्या धड्यांवर अडखळलो होतो, ते या पद्धतीने एका बैठकीत पार पडले.