जुनी अमेरिकी जनगणना नकाशावर: एनएचजीआयएस की टायगर/लाइन?

१८६० ची आकडेवारी आजच्या नकाशावर चढवली, की घोळ व्हर्जिनियापासूनच सुरू होतो. वेस्ट व्हर्जिनिया त्यातून वेगळं राज्य झालं १८६३ मध्ये. त्याआधीच्या तक्त्यात ते कुठून येणार? अमेरिकी जनगणना विभागाच्या टायगर/लाइन फाइल्स, म्हणजे हद्दी, रस्ते वगैरेंच्या तयार डिजिटल नकाशा-फाइल्स, इथे उपयोगाच्या नाहीत. ती यंत्रणाच मुळात १९९० च्या जनगणनेसाठी उभी राहिली.

मिनेसोटा विद्यापीठाचं एनएचजीआयएस (जुन्या जनगणनांचे आकडे आणि नकाशे यांचा ऑनलाइन संग्रह) मात्र १७९० पासूनचे तक्ते देतं आणि त्या त्या जनगणनेच्या वेळच्या काउंटींच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, हद्दीही. नोंदणी करावी लागते, पैसे लागत नाहीत.

खरी गंमत आकड्यांचा तक्ता नकाशाला जोडण्यात आहे. टायगरमध्ये लॉस एंजेलिस काउंटीचा जीओआयडी (ओळख-क्रमांक) ०६०३७. आकड्यांची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) थेट एक्सेलमध्ये उघडली की पुढचं शून्य गायब, उरतं ६०३७, आणि मग कॅलिफोर्नियाची एकही काउंटी जुळत नाही. एनएचजीआयएसमध्ये तीच काउंटी जी०६००३७० अशी येते. सुरुवातीला अक्षर असल्याने एक्सेल तिला संख्या समजतच नाही. साधी युक्ती, पण डोकेदुखी वाचवणारी.

टायगरच्या हद्दी पाण्यातही शिरतात, त्यामुळे मोठ्या सरोवरांनी वेढलेलं मिशिगन राज्य ओळखू येत नाही. एनएचजीआयएस किनाऱ्यावर कापून देतं. उलट रस्ते, नद्या, रेल्वेमार्ग हवे असतील तर टायगरच घ्या. तिथे नोंदणीचीही कटकट नाही. लोकसंख्येचे आकडे मात्र टायगरच्या नेहमीच्या फाइल्समध्ये नसतात, ते वेगळे उतरवून जोडावे लागतात.