टोकियो, बर्लिन की न्यू जर्सी : घरभाडे आणि सुरक्षिततेचा हिशेब

पुण्या-मुंबईतील आयटी कुटुंबापुढे परदेशी नोकरीचे प्रस्ताव आले की पगारांची तुलना एका संध्याकाळीत उरकते. राहायचे कोणत्या वस्तीत, हा प्रश्न मात्र व्हिसा हातात पडेपर्यंत कोणी गांभीर्याने घेत नाही. जपान, जर्मनी आणि अमेरिका यांपैकी एकाची निवड करणाऱ्या, घरात लहान मूल असलेल्या कुटुंबासाठी ही तुलना आहे.

देशोदेशीच्या गुन्हेगारीच्या ज्या क्रमवाऱ्या इंटरनेटवर फिरतात, त्यांतील बऱ्याच संकेतस्थळावर येणाऱ्यांच्या मतांवर बेतलेल्या असतात, त्यामुळे त्यांवर विसंबून निर्णय घेऊ नये. पोलिसांकडील चोरी-मारहाणीचे आकडेही देशागणिक ताडून पाहता येत नाहीत, कारण गुन्ह्याची व्याख्या, नोंदीची रीत आणि तक्रार करण्याची लोकांची तयारी सर्वत्र सारखी नसते. त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा खुनांचा, कारण खून दडपणे अवघड असते. एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला होणाऱ्या खुनांचे प्रमाण जपानमध्ये जेमतेम पाव खुनाच्या आसपास, जर्मनीत एकाहून कमी, भारतात सुमारे दोन आणि अमेरिकेत 2020 नंतरच्या वर्षांत साधारण पाच ते सात आहे.

एवढ्यावरून अमेरिका बाद करणे मात्र चूक ठरेल, कारण तिथे देशाच्या सरासरीला फारसा अर्थ नाही. न्यू जर्सीतील कॅम्डेन या जेमतेम पाऊण लाख वस्तीच्या शहरात 2012 साली 67 खून झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील शहर पोलीस दल बरखास्त करून नवे दल उभारावे लागले. त्याच काळात काही मैलांवरच्या चेरी हिलमध्ये लोक निर्धास्त राहत होते. कॅम्डेनची स्थिती आता बरीच सुधारली आहे, पण गावागावांतील दरी तशीच आहे. शाळा गावाच्या प्रॉपर्टी टॅक्सवर मोठ्या प्रमाणात चालतात, चांगल्या शाळेमुळे घरांचे भाव चढतात आणि चढलेल्या भावांमुळे कमी उत्पन्नाची कुटुंबे आपोआप बाहेर राहतात. म्हणजे अमेरिकेत सुरक्षितता घराच्या किमतीतच धरलेली असते. एडिसनसारख्या, भारतीयांनी गजबजलेल्या गावात दोन बेडरूमच्या घराला महिना दोन हजार डॉलरहून अधिक भाडे पडते, त्यावर गाडी आणि तिचा विमा येतो, आणि पुढे घर विकत घेतले तर प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीत त्याचे सरासरी वार्षिक बिल दहा हजार डॉलरच्या घरात आहे. भाडेकरूच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे : घरमालकाला दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत कायद्याने मागता येत नाही.

टोकियोत हिशेब उलटा आहे. कोणत्याही वस्तीत सहा-सात वर्षांची मुले एकटी शाळेत जाताना दिसतात, त्यामुळे जास्त भाडे मोजून मिळते ते स्टेशनजवळचे किंवा नवे घर, जास्तीची सुरक्षितता नव्हे. (गर्दीच्या गाड्यांत स्त्रियांना होणारा त्रास आकड्यांत पुरता उतरत नाही, स्त्रियांसाठी राखीव डबे उगाच ठेवलेले नाहीत.) अडचण घर मिळण्याची आहे. न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले. खासगी घराला अनामत, मालकाला द्यायची, परत न मिळणारी भेट-रक्कम, दलाली आणि हमीदार कंपनीचे शुल्क मिळून चार-पाच महिन्यांचे भाडे आधीच द्यावे लागते. यावरचा उतारा म्हणजे यूआर या सार्वजनिक संस्थेची घरे, जिथे दोन महिन्यांची अनामत असते, पण भेट-रक्कम, दलाली आणि हमीदार यांची गरज नसते. एदोगावा वॉर्डातील निशी-कासाईत भारतीय वस्ती वाढली त्यामागे अशी घरे आणि ओतेमाची या कार्यालयांच्या भागात थेट नेणारी तोझाई मेट्रो, ही दोन कारणे प्रामुख्याने आहेत. याच वॉर्डातून 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले.

पण सुरक्षितता फक्त गुन्ह्यांची नसते. एदोगावाचा सुमारे 70 टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे आणि वॉर्डाने 2019 मध्ये घरोघर दिलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, बाहेरचा रस्ता दाखवणाऱ्या बाणांसोबत, इथे राहून चालणार नाही, असे सरळ छापले होते. माझ्या मते घर बघताना तिथे पोलीस चौकीपेक्षा इमारतीचा मजला आधी विचारावा.

बर्लिनबद्दल थोडक्यात सांगता येते. हिंसाचार कमी आहे. सायकल आणि पाकीट सांभाळावे लागते, आणि कोटबुसर टोरसारखी अमली पदार्थांसाठी बदनाम झालेली ठिकाणे मोजकी असून ती सर्वांना ठाऊक आहेत. 2023 च्या अधिकृत भाडे-सूचीत सरासरी भाडे चौरस मीटरला महिना 7.16 युरो दिसते, पण ती जुन्या करारांची कृपा आहे. नव्याने येणाऱ्याला जाहिरातीत त्याच्या दुप्पट आकडा दिसतो, आणि त्यात हीटिंग धरलेले नसते. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते. घर ताब्यात आल्यावर स्वयंपाकघरात पुष्कळदा ओटा, सिंक, शेगडी यांपैकी काहीही नसून भिंतीतून नुसते नळाचे पाइप आणि वायरी बाहेर आलेल्या असतात, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते.

दोन-तीन वर्षांसाठी जायचे असेल आणि मूल प्राथमिक शाळेत असेल, तर मी टोकियोला झुकते माप देईन, अर्थात चौथ्या मजल्याच्या वर. कायमचे स्थायिक व्हायचे आणि दोघांनाही नोकरी मिळणार असेल, तर न्यू जर्सीचा खर्च झेपू शकतो. एकाच पगारावर तोच खर्च कुटुंबाला स्वस्त गावाकडे ढकलतो, आणि सरासरी आकडे धोक्याचे ठरतात ते तिथेच. बर्लिनची निवड करणाऱ्याने, कंपनी पहिले तीन महिने राहण्याची सोय करते का, हे ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.